पत्रा आधी जातो, बॉयलर राहतो

डायव्हिंगचं आमचं काम हंगामी. ऑक्टोबर सरता सरता पाणी निवळायला लागलं की मालवण नाहीतर गोवा गाठायचा. मेच्या अखेरीस समुद्र उसळायला लागला की रेग्युलेटर, बीसीडी, मास्क सगळं गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून रत्नागिरीला घरी यायचं. मग पाऊस संपेपर्यंत पाण्यात उतरणं नाही. बुडालेली जहाजं गेस्टना दाखवण्याचं जे काम मी आज करतो, त्यातलं निम्मं शिक्षण मला या रिकाम्या महिन्यांत मिळालं. तेही जमिनीवर, रत्नागिरीतल्या मिऱ्याच्या बंधाऱ्याशी छत्री सांभाळत उभं राहून.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. त्याचा खरा तडाखा वर श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्याला बसला. पण रत्नागिरीतही वारा आणि लाटा अशा होत्या की मिऱ्यासमोर नांगर टाकून असलेलं ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगरावर टिकलं नाही. भरकटत ते ‘पांढरा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्याच्या बाजूला आलं आणि बंधाऱ्याला लागलं. जहाजावरच्या १३ जणांना सुखरूप काढण्यात आलं, जहाज मात्र तिथंच राहिलं. लॉकडाऊनचे दिवस होते, गोव्यातलं आमचं काम मार्चमध्येच बंद पडलं होतं. निर्बंध जरा सैल झाल्यावर रत्नागिरीतली माणसं येऊन जहाज बघून गेली, फोटो काढून गेली. मी पुन्हा पुन्हा जात राहिलो, कारण माझ्याबरोबर चाचा असायचे.

चाचा राजिवड्याचे, आमच्या घरोब्यातले. तरुणपणी मुंबईहून मालवाहू जहाजावर चढले आणि निवृत्त होईपर्यंत इंजिन रूममध्येच राहिले. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी कोळशाच्या नाही, पण तेलावर चालणाऱ्या वाफेच्या बोटींवर काढली होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून बोटीवर जाणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. पी अँड ओसारख्या इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर डेकचे खलाशी, टिंडल, सारंग म्हणून कोकणातली माणसं असत. अशा घरांत जगाचा नकाशा बंदरांच्या नावांनी पाठ असतो. चाचांना जहाजाकडे बघताना ‘केवढं मोठं’ असं कधी वाटलं नसावं. ते भाग बघायचे आणि त्या भागाशी कोण उभा राहत असेल ते सांगायचे.

“हे कधी मेलं, सांग बघू,” एकदा त्यांनी मला विचारलं.

“दगडांवर आलं तेव्हा.”

“नाही रे पोरा. माणसं उतरली तेव्हा. आता याला रंग कोण देणार?”

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. चालत्या जहाजावर डेकच्या माणसांचं निम्मं आयुष्य हातोडीने गंज खरवडण्यात जातं. खरवडायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, लाल प्रायमर लावायचा, वर रंग द्यायचा. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरू केलेलं काम मागच्या वरामाशी पोचतं तोवर नाळेवर पुन्हा गंज आलेला असतो. इंजिन रूममध्ये तसंच: गळती बघ, ग्रीस घाल, बिल्जचं पाणी उपस. लोखंडाचं जहाज तरंगतं ते या रोजच्या हातांवर. हात थांबले की समुद्र कामाला लागतो.

तो कसा कामाला लागतो हे पुढच्या पावसाळ्यांत आम्ही बघितलं. लोखंडाला सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाण्याची रेघ, जिथं लाट येते आणि जाते. तिथं मीठ आहे, ओल आहे आणि भरपूर हवाही आहे. खोल पाण्यात प्राणवायू कमी, गाळाखाली तर फारच कमी, म्हणून तिथं गंज सावकाश चढतो. किनाऱ्यावर लागलेलं जहाज मात्र भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच सापडतं. दिवसातून दोनदा भिजतं, दोनदा सुकतं, आणि प्रत्येक लाटेबरोबर खालच्या दगडावर घासलं जातं. चालत्या जहाजाच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात. लोखंडाऐवजी ते आधी झिजतात, आणि गोदीत नेऊन नवे बसवायचे असतात. सोडून दिलेल्या जहाजाला नवे ठोकळे कोण बसवणार? त्यातून पंखा पितळेचा किंवा काशाचा असेल तर त्याच्या शेजारचं लोखंड आणखी लवकर खाल्लं जातं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात जोडलेले असले की जास्त क्रियाशील तो आधी मरतो.

तर ‘बसरा स्टार’चा आधी रंग गेला. मग कठडे वाकले. मग बाजूच्या पत्र्याला भोकं पडली आणि त्यांतून आतल्या फ्रेमा दिसायला लागल्या. दर पावसाळ्यात लाटा आत शिरून हव्या तिथून बाहेर पडायला लागल्या. चाचा बोट दाखवून क्रम सांगायचे. पत्रा आधी जाणार, कारण तो पातळ. फ्रेमा त्याच्यामागून. डेकवरचं घर, ब्रिज, फनेल हे सगळं हलकं काम, ते कोसळून आतच पडणार. “शेवटी काय राहील माहीत आहे? इंजिन. आणि त्याच्यामागचा शाफ्ट. वाफेची बोट असती तर बॉयलर. बॉयलर कुणाला ऐकत नाही.”

वाफेच्या बोटीचा बॉयलर जाड पत्र्याचा, आतल्या दाबासाठी बांधलेला, आकाराने गोल. गोलाकाराला लाटेचा मार लागत नाही, लागला तरी विभागतो. त्यामुळे शंभर वर्षांनीही बॉयलर आपल्या जागी बसलेला सापडतो आणि त्याच्याभोवतीचं अख्खं जहाज नाहीसं झालेलं असतं. चाचांचं हे वाक्य मी त्या वेळी केवळ ऐकून घेतलं. पुढच्या हंगामात गोव्यात ते मला रोज लागलं.

गोव्यात वास्कोच्या समोर ग्रँड आयलंड आहे. त्याच्या आसऱ्याला डायव्हिंगच्या ज्या जागा आहेत त्यांत एका जुन्या आगबोटीचा सांगाडा आहे. तिथले डायव्हर तिला सुझीज रेक म्हणतात. आमच्या भाषेत बुडालेलं जहाज म्हणजे रेक. खोली फार नाही, नव्याने शिकणाऱ्यालाही झेपेल एवढीच. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, म्हणून टाकीतली हवाही दुप्पट वेगाने संपते, पण या खोलीवर बघायला वेळ मिळतो. पाणी कोमट, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं.

अडचण खोलीची किंवा थंडीची नाही, नजरेची. आपल्या किनाऱ्याला नद्या गाळ आणतात. डिसेंबर-जानेवारीत चांगला दिवस लागला तर पाच-सात मीटरपर्यंत दिसतं. एरवी दोन हातांवरचा माणूस हिरव्या पाण्यात पुसट होतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, गाळ वर उठतो. भांगाच्या दिवसांत पाणी स्थिर असतं. अष्टमीच्या आसपास रेकवर जायचं आणि अमावस्या-पौर्णिमेला शक्यतो दुसरीकडे, हे मी कुठल्या डायव्हिंगच्या पुस्तकातून नाही, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या मच्छीमार तांडेलांकडून घेतलं.

आता अशा पाण्यात गेस्ट काय बघतो? त्याने सिनेमात टायटॅनिकची नाळ बघितलेली असते. इथं त्याला काय दिसतं: एक वाकडा पत्रा, त्यावर कालवं, थोडी वाळू, पुन्हा पत्रा, एक पाइप, मासे, आणि मग वर यायची खूण. मी या कामात नवीन असताना पुण्याच्या एक बाई वर येऊन बोटीवर बसल्या, मास्क काढला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “दादा, मासे फार सुंदर होते. पण जहाज कुठं होतं?”

त्या जहाजाच्या मध्यावर पंचवीस मिनिटं होत्या.

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण मी मिऱ्याला जहाज मोडताना बघितलं होतं. फक्त ते पाण्यात उतरायच्या आधी द्यायला हवं होतं. तेव्हापासून बोट निघाली की मी पांढऱ्या पाटीवर आधी उभं, धड जहाज काढतो. मग ओला बोळा घेऊन जे जे गेलंय ते पुसत जातो. फनेल पुसतो, ब्रिज पुसतो, बाजूचे पत्रे पुसतो, डेक पुसतो. शेवटी पाटीवर बॉयलर, शाफ्ट आणि तळाच्या काही फ्रेमा उरतात. “आपण हे बघायला चाललोय,” असं सांगतो. मग गेस्टना उतरवतो ते थेट बॉयलरजवळ. तिथून मागे शाफ्टच्या रेषेने वरामाकडे जायचं. यंत्राचा मुख्य भाग आधी, मग त्याचं काम जिथं पोचत होतं ते टोक. या क्रमाने नेलं की माणसाला आपण कुठं आहोत हे कळतं. पाणी गढूळ असलं तरी कळतं.

बॉयलरजवळ मी जास्त वेळ थांबतो. त्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसल्यासारखं राहावं लागतं, पण वाळूला टेकायचं नाही, नाहीतर गाळाचा ढग उठतो आणि मागच्या माणसाला काहीच दिसत नाही. फिन वर धरून, बेडकासारखे पाय मारून जागा सांभाळायची. आधी सगळं राखाडी-हिरवं दिसतं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, त्यामुळे गंजही राखाडी दिसतो, बोट कापलं तर रक्तही काळपट हिरवं दिसतं. टॉर्च लावला की एकदम रंग येतात: विटकरी गंज, त्यावर नारिंगी स्पंज, चुन्याचा पांढरा थर. आत बॉयलरच्या नळ्यांची तोंडं ओळीने दिसतात, काहींत लहान मासे डोकं बाहेर काढून बसलेले. आणि भट्टीच्या तोंडाशी एखादा मोठा हेकरू मासा. तो हलत नाही. टॉर्चचा उजेड डोळ्यांवर आला की फक्त कल्ले फुलवतो आणि थोडा मागे सरकतो, जेवढं आवश्यक आहे तेवढाच.

हेकरू जिथं बसतो त्या भोकातून कोणे एके काळी आगवाला कोळसा टाकत असे. हे मी गेस्टना पाटीवर लिहून दाखवतो: ‘इथं माणूस उभा असायचा.’ मागे चाचांनी मला सांगितलं होतं, बॉयलरपाशी चाळीस-पंचेचाळीस अंश तर रोजचेच. तांबड्या समुद्रात त्याहून जास्त. पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, मग पुन्हा चार तास. मिठाचं पाणी पिऊन माणसं उभी राहायची. हे ऐकलेल्या माणसाला बॉयलर म्हणजे लोखंडी पिंप वाटत नाही.

बुडालेल्या जहाजावर उतरणारे बरेच जण दोन गोष्टी शोधतात. एक खजिना, दुसरी भीती. खजिना नसतो. भीतीचं म्हणाल तर कोकणात ‘बोट बुडाली’ म्हटलं की १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ आठवते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकापाशी उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अशा जागेकडे मी कधी प्रेक्षणीय स्थळ म्हणून बघू शकणार नाही. पण प्रत्येक रेक स्मशान नसतो. कित्येक जहाजं माणसं उतरल्यावर बुडाली. तिथं काय बघायचं असतं तर काम. कुणी रिबेट ठोकले, कुणी लादलं, काय लादलं, कुठं निघालं होतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गोव्याच्याच पाण्यात आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू केलं. हेच राव द्वारकेच्या समुद्रातल्या शोधासाठी प्रसिद्ध आहेत. या संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरही काही बुडालेली जहाजं तपासली. सुंची रीफवर त्यांना सतराव्या शतकातलं पोर्तुगीज काळातलं जहाज मिळालं. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे, मोठे रांजण, तोफा. वाचताना डोळ्यांपुढे आफ्रिकेपासून चीनपर्यंतचा व्यापार उभा राहतो. पण मला जास्त जवळचं वाटलं ते सेंट जॉर्जेस रीफवरचं जहाज. त्यात ना सोनं ना हस्तिदंत. त्यात कौलं होती.

भाजक्या मातीची छपराची कौलं, कोन्याची कौलं, फरशा, चिमणीच्या विटा, खांबांचे नक्षीदार माथे. काही कौलांवर कारखान्याची मोहर: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. जर्मन आणि स्विस मिशनऱ्यांनी मंगळुरात १८६५ मध्ये काढलेला हा कारखाना. म्हणजे जहाज त्या सालानंतरचं. कोकणात मंगळुरी कौल म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. आधी आमच्याकडे गवताची किंवा कुंभारी नळ्यांची छपरं असत. मंगळुरी कौलं आली आणि दरवर्षी छप्पर शाकारायचं काम कमी झालं. ही कौलं बंदराबंदरांतून गलबतांनी आणि आगबोटींनी येत. आमच्या जुन्या घराच्या पडवीवर अशीच कौलं आहेत. गेल्या खेपेला कौल फुटलं म्हणून वर चढलो तर उलट्या बाजूला तशीच इंग्रजी अक्षरांची मोहर, मातीत दाबलेली, शेवाळाखाली. ते कौल खाली आणून मी टॉर्चच्या उजेडात वाचलं, जसं पाण्यात वाचतो. एक कौल रत्नागिरीत पोचलं आणि त्याच्याच बरोबरीचं दुसरं वाटेत गोव्याच्या खडकावर राहिलं. ज्या घराला ते जायचं होतं त्यांनी त्या वर्षी पावसात काय केलं असेल, हा विचार मला खजिन्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

म्हणूनच कुणी रेकवरून काही उचललं की मी तिथंच हात धरतो. भारतात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, हे एक. पण गेस्टला कायदा सांगून उपयोग होत नाही. त्याला दुसरं सांगतो. लोखंडाचा तुकडा समुद्रात वर्षानुवर्षं चुन्याच्या कवचात असतो, त्यामुळे आत टिकतो. तो वर आणला, घरच्या शोकेसमध्ये ठेवला, की आतलं मीठ सुकतं, स्फटिक बनतात आणि तुकडा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटून काही महिन्यांत कचरा होतो. प्रयोगशाळेत तो वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात आणि रसायनांत ठेवून मीठ काढावं लागतं. ते न करता उचलणं म्हणजे समुद्राने राखलेली वस्तू आपण मारणं. हे ऐकल्यावर बहुतेक जण आपणहून जागेवर ठेवतात. तिथंच, त्याच बाजूने. कुठून उचललं ते महत्त्वाचं असतं. दोन फुटांवर ठेवलं तरी त्याची गोष्ट बदलते.

कोळी लोक या रेकांना वेगळ्या कारणाने ओळखतात. जिथं जाळं फाटतं ती जागा तांडेलाच्या डोक्यात पक्की बसते. तिथं मासा असतो हेही त्याला माहीत असतं, म्हणून तो जाळं सोडून गळ घेऊन जवळ जातो. तांबोशी, हेकरू, पालू यांना आडोसा लागतो, आणि आमचा समुद्रतळ बराचसा चिखलाचा. त्यात एक लोखंडी आडोसा म्हणजे वस्तीच. पण जाळी अडकून तुटतात ती तिथंच राहतात. नायलॉन कुजत नाही. मालक नसलेलं जाळं मासे धरत राहतं.

जाळं कापायचं काम मी कुठल्याही गेस्टशिवाय करतो. दोघंच उतरतो, पाण्याला ओढ नसताना. चाकू आणि कातर दोन्ही घेऊन, कारण चाकू नायलॉनवर घसरतो. आधी जाळ्याची वरची दोरी कुठं आहे ते शोधायचं, मग खालची शिशाची. अंगावरची प्रत्येक लटकती वस्तू आधीच बांधून ठेवलेली असते. गेज, टॉर्च, बकल, सगळं. एकदा पत्र्याच्या कडेला गुंडाळलेल्या जाळ्यात एक मोठी शेवंड होती, अजून जिवंत. तिच्या मिशा जाळ्यात पुरत्या गुरफटल्या होत्या. जोडीदाराने टॉर्च धरला आणि मी एकेक दोरा कापत गेलो. मिशा तुटू नयेत म्हणून हात मंद ठेवावा लागला, पण हवेकडेही बघावं लागत होतं. सुटली तेव्हा ती पळाली नाही, शेपटी आपटून मागच्या मागे पत्र्याखाली गेली. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघावा म्हणून. त्या तीन मिनिटांत आम्ही दोघं जाळ्याचं बोचकं धरून नुसते लटकत होतो. ते बोचकं मी मिरकरवाड्यात नेऊन दाखवलं. एका नाखव्याने गाठ बघून सांगितलं, हे आपल्याकडचं नाही, वरच्या ट्रॉलरचं.

प्रत्येक बुडालेलं जहाज समुद्राला चांगलंच, असा समज पसरू नये. १६ सप्टेंबर २०२२ ला ‘पार्थ’ नावाच्या टँकरमध्ये रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे ४१ मैलांवर पाणी शिरलं. खोर फक्कानहून न्यू मंगळुरूला चाललेलं ते जहाज, आत ३,९११ टन डांबर. तटरक्षक दलाने १९ जणांना वाचवलं, पण जहाज बुडालं. त्याच्यावर कुणी डायव्हर जाणार नाही, हेकरूने तिथं घर केलं तरी तो विषाच्या गोदामात राहील. जहाज बुडताना आत काय होतं, यावर ते समुद्राला काय देणार हे ठरतं.

हेच आता सिंधुदुर्गात आधी ठरवून करायचं आहे. नौदलाचं ‘गुलदार’ हे जहाज वेंगुर्ल्याजवळ निवती रॉकच्या परिसरात तळाशी ठेवायचं, त्याचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं अशी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची योजना आहे. पोलंडच्या ग्दिनियात बांधलेलं, ३० डिसेंबर १९८५ ला नौदलात आलेलं, १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत कारवारला ते महामंडळाच्या ताब्यात दिलं गेलं, पुढे विजयदुर्ग बंदरात आणलं गेलं. लांबी सुमारे ८४ मीटर. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज, म्हणून नाळेला उघडणारा दरवाजा आणि पोटात रणगाड्यांसाठी मोठी मोकळी जागा. डायव्हरच्या दृष्टीने याहून चांगली रचना मिळणं कठीण.

मला या योजनेबद्दल मनापासून उत्साह आहे. मालवण-तारकर्लीच्या मुलांना डायव्हिंगचं शिक्षण घरच्या घरी मिळतं, तारकर्लीला महामंडळाची प्रशिक्षण संस्थाच आहे. ती मुलं आज जास्त करून उथळ पाण्यात गेस्टचा हात धरून वीस मिनिटं फिरवतात. त्यांना एक खरं जहाज मिळालं तर त्यांचं काम वरच्या पायरीवर जाईल. जहाज बुडवण्याआधी तेल, वायरी, रंगाचे सैल पापुद्रे, दारं, माणूस अडकू शकेल अशा सगळ्या वस्तू काढाव्या लागतात आणि आत शिरलेला माणूस दोन बाजूंनी बाहेर पडू शकेल अशी भोकं पाडावी लागतात. ते होईल, त्यासाठी नियम आहेत, तज्ज्ञ आहेत.

माझी काळजी त्यानंतरच्या वर्षांची आहे. निवतीच्या एका मुलाने मला विचारलं, “दादा, गुलदार खाली गेल्यावर आपलं काम काय?” मी त्याला सांगितलं, तिच्यावरून निवृत्त झालेली माणसं शोधून काढ. कुठल्या खोलीत स्वयंपाक व्हायचा, कुठं झोपायचे, दरवाजा उघडायचा माणूस कुठं उभा राहायचा, हे सगळं लिहून घे. संग्रहालयात पाट्या लागतील, पण गढूळ पाण्यात पाटी वाचता येत नाही. तुझ्या तोंडातून ते गेस्टच्या कानात आधी जायला हवं, बोटीवर.

आणि जहाजाला हात लागत राहिला पाहिजे. बोटींनी नांगर जहाजावर टाकू नये म्हणून कायमचे बोये हवेत, त्यांच्या दोऱ्या दर हंगामाला बदलायला हव्यात. पाऊस संपला की गेस्टच्या आधी दोन गाइडनी उतरून कुठला पत्रा सुटलाय, कुठली कड उघडी पडलीय, कुठलं दार अडलंय ते बघून आराखड्यावर खूण करायला हवी. पातळ पत्रा पहिल्यांदा जाणार, तेव्हा ब्रिजच्या खालून जाणारा रस्ता काही वर्षांनी बंद करावा लागेल, हे आत्ताच कागदावर असू दे. अडकलेली जाळी कापायला महिन्यातून एक दिवस राखून ठेवायला हवा. या सगळ्या दिवसांत गेस्ट नसतो, म्हणून त्या दिवसांचा पगार आधीच धरावा लागेल, आणि तो तिकिटाच्या पैशांतून निघायला हवा.